सर्वकामी सायकलची निवड

पुण्यासारख्या शहरांत एके काळीं सायकल ही हौसेची वस्तु नव्हती. घरांतल्या नित्याच्या गरजांपैकीं ती एक होती. कचेरींत जाणारा कारकून, कॉलेजांत जाणारा विद्यार्थी, दूध घालणारा गवळी आणि शिकवणीला निघालेले मास्तर, या सर्वांना ती सारख्याच निष्ठेनें वाहून नेई. ती काळ्या रंगाची, उंच हँडलाची, मागें कॅरिअर असलेली भारदस्त सायकल विकत घेतांना फारसा विचार करावा लागत नसे. दुकानांत दोन-तीन मापें असत, गिअर एकच असे, आणि निवड करावयाची ती बहुधा घंटेची व सीटच्या कव्हराची. पुढें स्कूटर आली, मोटारसायकल आली, मोटार आली, आणि सायकल जिन्याखालीं जाऊन बसली. आतां ती पुन्हा रस्त्यावर दिसूं लागली आहे. परंतु येतांना तिनें आपलें रूप पालटलें आहे. वांकडें हँडल, हलकी फ्रेम, सोळा किंवा अठरा गिअर, आणि किंमत अशी कीं, जुन्या माणसांनीं ती दोनदां विचारून खात्री करून घ्यावी!

अशा वेळीं मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबापुढें जो प्रश्न उभा राहतो तो केवळ हौसेचा नसतो. समजा, घरांतील कर्त्या पुरुषानें किंवा कर्त्या बाईनें बरेच महिने शिल्लक टाकून ७५ हजार रुपये बाजूला काढले आहेत. तेवढ्याच रकमेवर मुलांच्या शिक्षणाचा हक्क आहे, वडील माणसांच्या औषधपाण्याचा हक्क आहे. ती सायकलवर खर्च करावयाची ती आरोग्यासाठीं, रोजच्या जाण्यायेण्यासाठीं आणि सुटीच्या दिवशीं शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागतां यावें म्हणून. निवड चुकली, मान आणि पाठ दुखूं लागली, किंवा चढावर पाय हटले, तर ती सायकल दोन महिन्यांत भिंतीला टांगली जाते आणि तिच्याबरोबर सकाळीं लवकर उठण्याचा संकल्पहि टांगला जातो. दुसरी सायकल घेण्यास घर परवानगी देत नाहीं, आणि तें योग्यच आहे. म्हणून एकच सायकल घ्यावयाची, पण ती सर्व कामांना उपयोगी पडेल अशी घ्यावयाची, असें ज्यानें ठरविलें असेल त्यानें दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं कांहीं गोष्टींचा निवाडा घरींच करावा.

प्रथमतः नव्या नांवांची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. सायकलचें आजचें मूळ रूप फार जुनें आहे. इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली यानें १८८५ सालीं 'रोव्हर' नांवाची सायकल तयार केली. तिचीं दोन्ही चाकें जवळजवळ सारख्या आकाराचीं होतीं आणि मागचें चाक साखळीनें फिरत असे. १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप यानें हवा भरलेला टायर प्रचारांत आणला. या दोन शोधांनंतर सायकलच्या रचनेंत मूलभूत असा फरक फारसा झालेला नाहीं. धातु बदलले, गिअर वाढले, ब्रेक सुधारले; परंतु माणसाचे पाय, साखळी आणि हवेचे दोन टायर हा सायकलचा गाभा तोच राहिला. विक्रेत्याच्या पत्रकांतील मोठमोठ्या शब्दांखालीं शेवटीं पांच-सहा साधे प्रश्नच दडलेले असतात.

त्यांतील पहिला प्रश्न बसण्याच्या पद्धतीचा. वांकड्या हँडलाच्या सायकलींत मुख्यतः दोन घराणीं आहेत. एक शर्यतीचें. या सायकलींत हँडल खालीं व लांब असतें, स्वाराला पुढें झुकून बसावें लागतें. याचें कारण वारा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ति तर घनाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून ताशीं ४० किलोमीटर वेगानें धांवणाऱ्या शर्यतपटूला पाठ सपाट ठेवण्याखेरीज गत्यंतर नसतें. परंतु जो गृहस्थ ताशीं २० ते २५ किलोमीटरांनीं जाणार, ज्याचा दिवस खुर्चीवर बसून जातो आणि ज्याची कंबर आधींच कुरकुरत आहे, त्यानें ही शिक्षा कां सोसावी? त्याच्यासाठीं दुसरें घराणें आहे. तें लांब पल्ल्याच्या सायकलींचें. यांत हँडल किंचित् उंच आणि जवळ असतें, दोन चाकांमधील अंतर थोडें अधिक असतें, त्यामुळें सायकल सरळ रेषेंत शांतपणें चालते, आणि रुंद टायरांस जागा मिळते. सर्वकामी सायकल हवी असेल तर ती याच घराण्यांत शोधावी. अगदीं सरळ हँडलाची सायकल शहरांतील थोड्या अंतराला सोयीची खरी. तथापि तीन-चार तासांच्या प्रवासांत हात ठेवण्याच्या जागा बदलतां येणें ही मोठी विश्रांति आहे, आणि ती वांकड्या हँडलावरच मिळते.

दुसरा प्रश्न मापाचा, आणि खरें पाहतां तोच सर्वांत महत्त्वाचा होय. गिअर मागाहून बदलतां येतात, टायर बदलतां येतात, सीट बदलतां येते; फ्रेमचें माप मात्र जन्मभर तेंच राहतें. निरनिराळ्या कारखान्यांची मापें सारखीं नसतात. एकाची ५४ ची फ्रेम दुसऱ्याच्या ५२ च्या जवळ जाते, आणि तिसरा आंकड्यांऐवजीं लहान, मध्यम, मोठें असेंच लिहितो. म्हणून पत्रकांतील दोन आंकडे पहावे. पेडलांच्या धुरीपासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या वरच्या टोंकापर्यंत जी सरळ उंची, तिला स्टॅक म्हणतात. त्याच दोन बिंदूंमधील आडव्या अंतराला रीच म्हणतात. दोन सायकलींचा स्टॅक आणि रीच ताडून पाहिला कीं, कोणती अधिक वांकावयास लावील आणि कोणती कमी, हें लेबलावर कांहींहि लिहिलेलें असो, स्पष्ट होतें.

दुकानांतील परीक्षा याहूनहि सोपी आहे. सीटवर बसून टांच पेडलावर ठेवावी व पेडल अगदीं खालीं न्यावें. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूस झुकतां कामा नये. नंतर नेहमींप्रमाणें चवडा पेडलावर ठेवला कीं गुडघा आपोआप किंचित् वांकलेला राहतो. हात ब्रेकच्या मुठींवर ठेवल्यावर कोपर थोडे वांकलेले असावे, खांदे कानांकडे चढलेले नसावे, आणि ब्रेकपर्यंत बोटें ओढाताणीशिवाय पोंचावींत. ही शेवटची गोष्ट स्त्रियांनीं व लहान हातांच्या पुरुषांनीं विशेष काळजीनें पहावी. बोटें पुरत नसतील तर ब्रेकची मूठ जवळ घेण्याची सोय आहे कीं नाहीं, हें विचारावें. घरांतील दोघांनीं मिळून एक सायकल वापरण्याचा बेत असेल, तर दोघांच्या उंचींत फार अंतर नसावें. सीट वरखालीं करतां येते, परंतु लांब फ्रेम आखूड करतां येत नाहीं. आवडती सायकल योग्य मापांत शिल्लक नसेल आणि दुकानदार 'यावरच भागवून घ्या' असें म्हणेल, तर सवलत कितीहि मोठी असली तरी तेथून उठावें.

तिसरा प्रश्न टायरांचा. बारीक टायर म्हणजे वेगवान सायकल, अशी समजूत बरेच दिवस रूढ होती. गुळगुळीत पृष्ठावर टायरांतील हवा जितकी कडक तितकें बरें, हें कांहीं अंशीं खरें. परंतु खरा रस्ता गुळगुळीत नसतो. त्यावर खडी असते, ठिगळें असतात, गतिरोधक असतात. अतिशय कडक टायर प्रत्येक खड्यावर सायकल व स्वार या दोघांनाहि उचलतो, आणि तें उचलण्यांत शक्ति वायां जाते. मऊ व रुंद टायर तोच खडा पोटांत घेतो. २५ मिलिमीटर रुंदीच्या टायरापेक्षां ३२ मिलिमीटर रुंदीच्या टायरांत दीडपटीहून अधिक हवा मावते. म्हणून ती कमी दाबानें भरली तरी खड्ड्यांत रिम आपटून ट्यूब चिमटण्याचें भय कमी राहतें. ज्याला पावसाळ्यानंतरचे रस्ते ठाऊक आहेत त्याला याहून अधिक सांगणें नको. तेव्हां टायर कोणते बसविले आहेत, एवढेंच न विचारतां फ्रेममध्यें किती रुंद टायर मावतात आणि मडगार्ड लावल्यावर किती मावतात, हें विचारावें. ३२ मिलिमीटरांचे टायर, मडगार्ड आणि मागें लहानसें कॅरिअर, या तिन्हींची सोय असलेली सायकल आषाढांतहि कचेरीला जाते. जिला ती सोय नाहीं ती चार महिने घरांत बसते.

चौथा प्रश्न गिअरांचा. फ्रान्समध्यें सेंत एत्येन येथें पॉल द व्हिव्ही हा गृहस्थ विसाव्या शतकाच्या आरंभीं सामान्य प्रवाशाला अनेक गिअर हवेत असें आग्रहानें प्रतिपादन करीत असे; तथापि प्रख्यात 'टूर द फ्रान्स' शर्यतींत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्राला मोकळीक मिळाली ती १९३७ सालीं. आज तें यंत्र प्रत्येक रोड सायकलवर असतें, आणि ग्राहक एकूण गिअर किती हें मोजीत बसतो. वास्तविक मोजावयाचें तें दुसरेंच. सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, हा खरा प्रश्न. पुढच्या लहान चक्राला ३४ दांते आणि मागच्या मोठ्या चक्राला २८ दांते असतील, तर पेडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें २.६ मीटर पुढें जाते. मागें ३४ दांते असतील तर ती सुमारें २.१५ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे या संथ लयीनें पाय फिरविणाऱ्या स्वाराला पहिल्या गिअरांत ताशीं ९.४ किलोमीटर वेग राखावा लागतो, दुसऱ्यांत ७.७ किलोमीटर पुरतो. म्हणजे त्याच चढावर, त्याच लयींत, सुमारें १८ टक्के कमी जोर लागतो. सिंहगडाच्या किंवा कात्रजच्या चढावर सायकलवरून उतरून ती हातानें ढकलीत नेणें आणि बसल्या बसल्या हळूहळू वर पोंचणें, यांतील अंतर हें इतकेंच असतें. उलट सर्वांत जड गिअर, म्हणजे पुढें ५० व मागें ११ दांते, हा ताशीं ५० किलोमीटरांहून अधिक वेगासाठीं आहे. रोजच्या व्यवहारांत त्याची उणीव कोणास भासणार?

गिअरांच्या यंत्रांतहि उच्चनीच श्रेणी असतात. जपानांतील साकाई येथें १९२१ सालीं स्थापन झालेल्या शिमानो कारखान्याच्या क्लॅरिस, सोरा, टियाग्रा व १०५ या चढत्या श्रेणी दुकानांत वारंवार ऐकूं येतात. त्यांत मागील चक्रें अनुक्रमें आठ, नऊ, दहा आणि अकरा किंवा बारा अशीं असतात. श्रेणी वाढली कीं वजन थोडें घटतें आणि गिअर बदलतांना दोन दांत्यांमधील उडी लहान होते. परंतु नीट जुळवलेली आठ चक्रांची क्लॅरिस ही बेफिकिरीनें जुळवलेल्या १०५ पेक्षां चांगली चालते. शिवाय आठ-नऊ चक्रांची साखळी व चक्रें स्वस्त मिळतात, हा मध्यम खर्चाच्या घराला मोठाच आधार आहे.

पांचवा प्रश्न ब्रेकचा, आणि येथें काटकसर करणें धोक्याचें. जुना ब्रेक रिमला दोन्ही बाजूंनीं दाबतो. तो हलका, स्वस्त व दुरुस्तीस सोपा असतो. परंतु रिम ओली झाली कीं तो उशिरां पकडतो, आणि पावसांतील वाळू रिमला झिजवीत राहते. लांब घाट उतरतांना सतत दाबून धरल्यास रिमहि तापते. डिस्क ब्रेक चाकाच्या मध्याजवळील चकतीला पकडतो, त्यामुळें चिखलपाण्यापासून तो दूर राहतो आणि रुंद टायरांना आडहि येत नाहीं. डिस्कमध्येंहि दोन प्रकार आहेत. तारेनें ओढला जाणारा स्वस्त असतो व कोणत्याहि बऱ्या कारागिरास दुरुस्त करतां येतो. तेलाच्या दाबानें चालणारा बोटांना हलका लागतो व अधिक नेमका असतो, पण त्याचें काम जाणणारा माणूस गांवांत असावा लागतो. सांगितलेल्या रकमेंत बहुधा तारेचाच डिस्क ब्रेक मिळेल. तो पुरेसा आहे. मात्र त्याचे पॅड झिजतील तसतसे ते जवळ घेत राहण्याची शिस्त हवी. कोणत्या मुठीनें कोणत्या चाकाचा ब्रेक लागतो, हें दुकानांतून बाहेर पडण्यापूर्वींच पाहून ठेवावें, कारण घाईच्या क्षणीं हात विचार करीत नाहीं.

सहावा प्रश्न फ्रेमच्या धातूचा व वजनाचा. पोलाद टिकाऊ, दुरुस्तीस सोपें, पण सामान्यतः जड. ॲल्युमिनियम हलकें, गंजास दाद न देणारें आणि माफक किंमतीचें. कार्बन सर्वांत हलकें. परंतु स्वस्त कार्बनची फ्रेम घेण्यापायीं चाकें, गिअर व ब्रेक या सर्वांतच काटछाट करावी लागते. या रकमेंत ॲल्युमिनियमची फ्रेम व पुढील फोर्क कार्बनचा, ही जोडी शहाणपणाची ठरते. वजनाविषयीं मात्र एक हिशेब करून पहावा. स्वार, सायकल व सामान मिळून ८० किलो वजन आहे, आणि एका तासांत ६०० मीटर उंची चढावयाची आहे. सायकल एक किलोनें हलकी झाली तर भार सव्वा टक्क्यानें कमी होतो, म्हणजे तासाभराच्या चढांत सुमारें पाऊण मिनिट वांचतें. सपाट रस्त्यावर तेवढेंहि वांचत नाहीं. या पाऊण मिनिटासाठीं जे वीस-तीस हजार रुपये अधिक मागितले जातात, ते शर्यतपटूनें द्यावे. कुटुंबवत्सल माणसानें ते घरांत ठेवावे.

येथें रकमेच्या वांटणीचा प्रश्न येतो. ७५ हजार रुपये म्हणजे ७५ हजारांची सायकल नव्हे. त्यांतील पांचवा हिस्सा, १५ हजार, प्रथमच वेगळा काढावा. त्यांतून डोक्याला नीट बसणारें हेल्मेट, पुढें पांढरा व मागें लाल दिवा, भक्कम कुलूप, घरीं ठेवण्याचा दाबमापक पंप, जवळ बाळगण्याची ट्यूब व टायर उकलण्याच्या पट्ट्या, मडगार्ड आणि पहिल्या वर्षाची देखभाल, एवढें निभावावें. राहिलेल्या ६० हजारांत सायकल शोधावी. गेल्या वर्षीचा नमुना कमी किंमतींत मिळत असेल तर माप जुळल्यास तो निःशंक घ्यावा. रंगाखेरीज त्यांत बहुधा फरक नसतो. दिवा आणि हेल्मेट पुढच्या महिन्यांत पाहूं, असें म्हणणारे पुष्कळ असतात. परंतु संध्याकाळचा अंधार पुढच्या महिन्याची वाट पाहत नाहीं.

सायकल घरीं आली म्हणजे निवडीचें काम संपलें असेंहि नाहीं. नव्या सायकलच्या तारा पहिल्या कांहीं आठवड्यांत बसतात आणि गिअर कुरकुरूं लागतात. यासाठीं पहिली तपासणी कोण करणार, तिचे पैसे पडणार काय, हें विकत घेण्याच्या वेळींच ठरवावें. साखळी पुसून तिला बेतानें तेल द्यावें. तिची झीज पाहण्यास साधी फूटपट्टी पुरते. साखळीचा प्रत्येक दुवा अर्धा इंच असतो, म्हणजे २४ दुवे बरोबर १२ इंच भरतात. तेच अंतर एक सोळांश इंचानें वाढलेलें दिसलें तर साखळी बदलावी. थोडक्या खर्चाची ही साखळी वेळीं बदलली नाहीं तर ती महागड्या चक्रांचे दांते खाऊन टाकते. ज्या दुकानदाराला हें सांगण्याची आस्था आहे आणि जो घरापासून चालत जाण्याइतका जवळ आहे, त्याच्याकडे सायकल दोन हजारांनीं महाग मिळाली तरी ती स्वस्तच समजावी.

अशा सायकलवर किती दूर जातां येतें, याची कल्पना नवख्यास नसते. ब्रेव्हे म्हणून जो लांब पल्ल्याचा सायकलप्रवास भरविला जातो, त्यांत २०० किलोमीटर अंतरास साडेतेरा तासांची मुदत असते. तेथें पहिला-दुसरा क्रमांक नसतो. मुदतींत पोंचला तो यशस्वी. १८९१ सालीं शर्यत म्हणून सुरू झालेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही यात्रा आतां दर चार वर्षांनीं होते. तिचें अंतर सुमारें १२०० किलोमीटर व मुदत जास्तींत जास्त ९० तासांची. तिच्यांत भारतांतील स्वारहि भाग घेतात. तेथें शेवटीं कामास येतें तें सायकलचें वजन नव्हे, तर तिच्यावर दिवसभर न दुखतां बसतां येणें. १९२३ सालीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगारा हे तिघे ती पुरी करून १९२८ सालीं परत आले. आजचे गिअर, आजचे ब्रेक, आजचे धातु यांतलें कांहींच त्यांच्यापाशीं नव्हतें. यंत्र नेहमींच माणसाच्या निश्चयापेक्षां दुय्यम असतें, हें यावरून ध्यानीं येईल. मात्र निश्चयाला विनाकारण त्रास देणारें यंत्र कोणी मुद्दाम विकत घेऊं नये.

म्हणून ज्यांच्या घरीं अशा खरेदीचा विचार चालू असेल त्यांनीं दोन-तीन दुकानें हिंडावींत, एकाच दिवशीं निर्णय करूं नये, आणि किमान अर्धा तास चढउतार असलेल्या रस्त्यावर सायकल चालवून पहावी. माप बरोबर, टायर रुंद, गिअर हलका, ब्रेक भरंवशाचा आणि दुरुस्ती जवळची, या पांच गोष्टी जुळल्या कीं नांव व रंग यांचा विचार खुशाल मनाप्रमाणें करावा. अशी सायकल आठवड्यांतून पांच दिवस कचेरीची वाट चालते, आणि रविवारीं पहांटे, घरांतील मंडळी उठण्यापूर्वीं, खडकवासल्याच्या रस्त्याला लागते. वर्षाच्या अखेरीस जमाखर्च पाहतांना घरच्या गृहिणीनें तिच्या रकमेपुढें प्रश्नचिन्ह काढलें नाहीं, म्हणजे निवड बरोबर झाली असें समजावें.